आयसीयूत नळी घातल्यावर जीभ सुजून बाहेर आलीय, कोणाला अनुभव आहे का?

नाशिककरीण
नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवरच पडीक असते, आज वेगळंच विचारायचंय. माझे सासरे, आम्ही सगळे अण्णा म्हणतो, फ्लूचा न्यूमोनिया होऊन आयसीयूत आहेत, व्हेंटिलेटरवर. ऑक्सिजन चढतच नव्हता म्हणून त्यांना दिवसातले बरेच तास पालथं झोपवत होते, परवापासून ते बंद केलंय कारण फुप्फुसं जरा सुधारली म्हणे. काल भेटायला आत सोडलं तर त्यांची जीभच बघवेना. दातांच्या बाहेर आलेली, जांभळट, जाड, खालच्या दातांचे वण उठलेले आणि तोंड मिटतच नाही. सिस्टरना विचारलं तर म्हणाल्या सूज आहे, उतरेल. दीर म्हणतायत नळी टाकतानाच काहीतरी घोळ घातलाय, आणि आता डॉक्टर म्हणतायत गळ्याला छोटं भोक पाडून तिथून नळी टाकू, सही करा. सासूबाईंचं एकच पालुपद, भोक पाडलेला माणूस घरी परत येत नाही. नवरा मध्ये अडकलाय. मला कळत नाहीये की नळीमुळे सूज आहे तर नळीच काढून टाकली तर सूज आपोआप नाही का उतरणार? कोणी हे बघितलंय का?

शेंगदाणा
बापरे. अण्णांना लवकर बरं वाटो. माहिती काहीच नाही पण धागा वर ठेवतो, इथे दोन-तीन डॉक्टर आहेत.

चिंगी
आमच्या मामाला कोविडच्या वेळी झालेलं हे. तेव्हा आत कोणी सोडतच नव्हतं, ब्रदरने व्हिडिओ कॉल लावून दिला आणि मामीने फोन खाली टाकला इतकं भयानक दिसत होतं. तोंडात अख्खा आंबा कोंबल्यासारखं. पण मामा आता ठणठणीत आहे, जीभही एकदम नॉर्मल. सूज उतरायला वेळ लागला एवढंच. घाबरू नकोस.

रात्रपाळी
नाशिककरीण, मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे, पुण्यात, बरीच वर्षं. जे तू लिहिलंयस ते आम्ही बघतो, रोज नाही पण बघतो, आणि पालथं झोपवलेल्या पेशंटमध्ये जास्त.

काय होतं सांगते. नळी ओठाच्या एका कोपऱ्यातून आत जाते आणि टेपने किंवा टायने घट्ट बांधलेली असते, नाहीतर कुस बदलताना निसटली की संपलंच. ती नळी जिभेच्या एका बाजूवर दिवसरात्र टेकलेली असते. पेशंट झोपेच्या औषधावर असतो त्यामुळे जीभ हलवत नाही, गिळत नाही, ओठ मिटत नाही. त्यात पालथा, म्हणजे तोंड खाली, सगळं पाणी चेहऱ्याकडे उतरतं. डोळे सुजतात, ओठ सुजतात, तशीच जीभ. आणि एकदा ती दातांच्या बाहेर आली ना की खेळ बदलतो, कारण मग दात तिला खालून धरून ठेवतात आणि ती आत जाऊ शकत नाही. मग आणखी सुजते.

उद्या गेलीस की भांडायच्या आधी एवढं विचार: नळी कुठल्या कोपऱ्यात आहे आणि शेवटची बाजू कधी बदलली? नळी चावली जाऊ नये म्हणून दातांमध्ये ठेवतात तो प्लास्टिकचा बाइट ब्लॉक आहे का, आणि तो जिभेवर दाबतोय का? जीभ ओली ठेवतायत का? बस. विचारायची पद्धत जरा गोड ठेव, सिस्टरही दमलेली असते.

आजोबा_सातारकर
पोरी, आयुर्वेदात जिभेच्या सुजेवर साजूक तूप आणि मध उत्तम. बोटाने हळूच लावावं. आमच्या वेळी असली यंत्रं नव्हती तरी माणसं बरी होत होती.

रात्रपाळी
आजोबा, मान ठेवून सांगते, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटच्या तोंडात घरचं काहीही घालायचं नाही. तूप, तेल असलं काही श्वासनळीत झिरपलं तर त्याचा वेगळाच न्यूमोनिया होतो आणि तो सहजी जात नाही. मध तर नकोच. आधीच त्यांना फुप्फुसाचंच दुखणं आहे. नाशिककरीण, प्लीज कोणाच्या सांगण्यावरून डबीतून काही नेऊ नकोस, आणि सासूबाईंच्या पर्सवरही लक्ष ठेव, अंगारा-तीर्थ जिभेला लावणारे नातेवाईक आम्ही दर आठवड्याला पकडतो. अंगारा कपाळाला लावा, आमची काही हरकत नसते.

भूलवाला
भूलतज्ज्ञ आहे, आयसीयूतही काम करतो. पेशंट न बघता लिहितोय हे धरून चाला.

रात्रपाळीताईंनी नेमकं सांगितलंय, मी फक्त "का" ते जोडतो. जिभेत रक्त आणणाऱ्या धमन्या जाड भिंतीच्या असतात, सहज दबत नाहीत. रक्त परत नेणाऱ्या शिरा पातळ, थोड्या दाबानेही बंद होतात. म्हणजे आत येणारं चालू आणि बाहेर जाणारं बंद. सूज वाढली की शिरा आणखी दबतात, की सूज आणखी वाढते. लसिका, म्हणजे पेशींभोवतीचं जादा पाणी, वाहून नेणाऱ्या वाहिन्यांचंही तेच. त्यात आयसीयूच्या पेशंटमध्ये रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी झालेलं असतं, सलाईन भरपूर गेलेलं असतं, त्यामुळे पाणी पेशींच्या मधल्या जागेत साचायला टपलेलंच असतं. दाब कुठून आला याला बऱ्याच वाटा आहेत: नळी, बाइट ब्लॉक, गेडेल एअरवे (जीभ मागे पडू नये म्हणून तोंडात ठेवायची कडक वाकडी नळी), दात, मान जास्त वाकलेली असणं.

हे नुसतं आयसीयूतलं नाही. मेंदूच्या मागच्या भागाचं ऑपरेशन तासन्‌तास मान वाकवून चालतं त्यात हे होतं, म्हणून तिथे आम्ही कडक एअरवे तोंडात ठेवणं टाळतो आणि दाढांमध्ये गॉझची मऊ गुंडाळी ठेवतो. लहान मुलांच्या टाळूच्या ऑपरेशनमध्ये तोंड उघडं ठेवायला जो गॅग लावतात त्याचं पातं जिभेवर दाबून असतं, तो अधूनमधून सैल करावा लागतो नाहीतर ऑपरेशन संपल्यावर मुलाची जीभ फुगून श्वास अडतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न, नळी काढली तर? इथेच सगळे नातेवाईक अडकतात, आणि तर्काने बरोबरच वाटतं ते. पण सुजलेली जीभ मागे घशातही सुजलेली असते, बाहेर दिसतो तो फक्त पुढचा भाग. आत्ता हवा जातेय ती त्या नळीतून. ती ओढून काढली आणि अण्णांना स्वतःहून श्वास पुरला नाही, तर परत नळी टाकायला वाट दिसणार नाही. तोंडातून आत बघायला जागाच नाही. मग धावपळीत गळा कापावा लागतो, तेही ऑक्सिजन पडत असताना. त्यापेक्षा ही नळी जागेवर असताना, शांतपणे, ठरवून गळ्यातून दुसरी वाट करायची आणि मग तोंडातली काढायची, हे शंभर पटीने सुरक्षित.

शेंगदाणा
म्हणजे नळीमुळे सूज आणि सुजेमुळे नळी काढता येत नाही. धन्य आहे.

भूलवाला
अगदी तेच.

एक महत्त्वाचं राहिलं. अण्णांना बीपी आहे का? कुठली गोळी घेतात? नावात शेवटी "प्रिल" आहे का बघा: रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल. या गोळ्यांनी काही थोड्या लोकांना ओठ-जीभ-घसा सुजतो, आणि वर्षानुवर्षं घेत असताना मध्येच कधीतरी होऊ शकतं. ती सूज ब्रॅडीकायनिन नावाच्या रसायनामुळे येते, म्हणून नेहमीची ॲलर्जीची औषधं, स्टिरॉइड, ॲड्रेनॅलिन यांचा तिथे फारसा उपयोग होत नाही. गोळी बंद करणं हाच खरा उपाय. आयसीयूच्या डॉक्टरांना यादी दिलेली असते पण घरातून कोणी कोणी काय सांगितलेलं असतं देव जाणे.

नाशिककरीण
रॅमिप्रिल!! आत्ता डबा उघडून बघितला. आठ-दहा वर्षं तरी घेतायत. ॲडमिट करताना दिरांनी नुसतं "बीपीची गोळी" सांगितलेलं. डॉक्टरांना आत्ताच मेसेज टाकते.

भूलवाला
टाका. पण लगेच तेच कारण धरून बसू नका. तुम्ही लिहिलंय दातांचे वण, पालथं झोपवल्यानंतर दिसली, हे सगळं दाबाकडे बोट दाखवतं. गोळीची सूज बहुतेकदा काही तासांत झपाट्याने येते आणि ओठही टम्म होतात. पण माहीत असणं गरजेचं आहे, कारण पुढे घरी जाताना कोणीतरी परत तीच गोळी लिहून देईल. मुळात त्या गोळ्या ॲडमिट झाल्यावर थांबवलेल्याच असणार, बीपी पडलेलं असतं अशा पेशंटचं.

खडूस_वकील
सगळे डॉक्टर एकमेकांना सांभाळून घेतात. सरळ केसपेपरची कॉपी मागा, फोटो काढून ठेवा, ग्राहक आयोगात जा. जीभ अशी होईपर्यंत कोणी बघितलंच नाही म्हणजे निष्काळजीपणा नाही तर काय?

भूलवाला
केसपेपर मागायचा हक्क आहेच, जरूर मागा. पण जीभ सुजली म्हणजे निष्काळजीपणा हे समीकरण चूक आहे. सगळं नीट करूनही होतं. पालथं झोपवणं ही काही हौस नाही. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या गेरां यांच्या गटाचा अभ्यास आला, फुप्फुसं गंभीर बिघडलेल्या पेशंटना सलग सोळा तास किंवा जास्त पालथं ठेवलं तर २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. निम्मे! म्हणून जगभर करतात. चेहरा सुजणं ही त्याची किंमत आहे आणि जिवाच्या बदल्यात ती मोजायला मी कधीही तयार आहे.

मात्र तुमच्या म्हणण्यात एक भाग खरा आहे तोही सांगतो. तोंडात कोणी बघितलं का, याची नोंद असायला हवी. दर पाळीला जीभ, ओठ, हिरड्या बघून लिहायचं असतं. ती नोंद असेल, नळीची बाजू बदलल्याचं लिहिलेलं असेल, पालथं असताना पलंगाची डोक्याकडची बाजू थोडी वर ठेवून दर काही तासांनी मान वळवलेली असेल, तर त्यांनी आपलं काम केलंय. तो रकाना रोज कोरा असेल तर मग तुमचा प्रश्न रास्त आहे.

रात्रपाळी
रकान्याबद्दल मीच बोलते. कागदावर व्हेंटिलेटरच्या एका पेशंटला एक सिस्टर. प्रत्यक्षात रात्री दोन, कधी तीन. पंप चार चालू, एकीकडे अलार्म, दुसरीकडे नवीन ॲडमिशन. अशा वेळी तोंड हे सगळ्यात शेवटी येतं, कारण जीभ सुजली म्हणून मशीन ओरडत नाही. हे समर्थन नाही, आहे ते सांगतेय. म्हणून नातेवाईकांनी विचारलेलं मला उलट बरं वाटतं, फक्त "तुम्ही काय केलंत" पेक्षा "जीभ आज कालपेक्षा कशी आहे" असं विचारलं तर.

आणि हो, तोंड स्वच्छ करायला आम्ही वर्षानुवर्षं क्लोरहेक्सिडिन वापरायचो. २०२२ च्या अमेरिकन मार्गदर्शनात ते वगळलंय, आता नुसतं ब्रशने दात घासा म्हणतात. सुजलेल्या जिभेवर तर मला ते औषध आधीपासून आवडत नव्हतं, कातडी सोलल्यासारखी निघते. लिंबू-ग्लिसरीनचे बोळेही नको, तोंड आणखी कोरडं पडतं. साधं सलाईनमध्ये भिजवलेलं गॉझ, सतत बदलत. जीभ सुकली की तडकते, तडकली की रक्त, त्यात रक्त पातळ करणारं इंजेक्शन चालू असतं म्हणजे थांबता थांबत नाही.

ह्यूस्टनकर
उशिरा वाचतोय, आमच्याकडे आत्ता सकाळ झाली. कोविडच्या वेळी हा विषय इकडे बातम्यांत खूप गाजला होता. आमच्या ह्यूस्टनच्या यूटीहेल्थ डेंटल स्कूलमधले ओरल सर्जन डॉ. जेम्स मेलव्हिल, त्यांच्याकडे २०२१ मध्ये कोविडमध्ये बरेच दिवस व्हेंटिलेटरवर राहिलेले असे पेशंट आले की ज्यांची सूज उतरलीच नाही, जीभ कित्येक पट मोठी राहिली, खाता येईना बोलता येईना. त्यांनी ऑपरेशन करून जीभ छोटी केली. त्यांच्या पेशंटमध्ये बहुतेक कृष्णवर्णीय होते म्हणून ते जनुकीय कारण आहे का हेही शोधत होते. भूलवाले डॉक्टर, आपल्याकडे असे बघितलेत का?

भूलवाला
कापून छोटी करावी लागलेला एकही पेशंट मी स्वतः बघितलेला नाही. अगदी विरळा प्रकार आहे तो. जीभ खूप काळ सुजलेली राहिली तर आत तंतू वाढून ती कडक होते, मग नुसता दाब काढून उतरत नाही. म्हणून तर लवकर दाब काढायचा. रॅमिप्रिलसारख्या गोळ्यांची सूजही कृष्णवर्णीयांमध्ये जास्त दिसते हे आधीपासून माहीत आहे, त्यामुळे मेलव्हिल यांची शंका अगदी हवेतली नाही. पण नाशिककरीण, ह्यूस्टनचे फोटो शोधत बसू नका रात्री. अण्णांची गोष्ट तिथवर जायची शक्यता फार कमी.

नाशिककरीण
बघून झाले 😐 नवऱ्यालाही दाखवले. नको होतं दाखवायला.

चिंगी
मामाचा आत्ताचा फोटो व्यनि करते, तो दाखव त्याला. मिसळ खातानाचा आहे.

कोल्हापुरी_झणझणीत
थोडं अवांतर पण संबंधित. माझ्या वडिलांना लकवा झाला तेव्हा गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं, अल्टेप्लेज, आणि त्यानंतर तासाभरात अर्धी जीभ सुजली. फक्त एकच बाजू! तेव्हा नळी वगैरे काही नव्हती. डॉक्टर पळत आले. तेही याच प्रकारात येतं का?

भूलवाला
वेगळं कारण, पण त्याच ब्रॅडीकायनिनच्या वाटेने. ते इंजेक्शन दिलेल्यांपैकी साधारण १ ते ५ टक्क्यांना होतं, लकवा ज्या बाजूला त्याच बाजूची जीभ बहुतेकदा सुजते, आणि "प्रिल" गोळी घेणाऱ्यांना जास्त. म्हणून लकव्याच्या पेशंटचे नातेवाईक आले की आम्ही पहिलं विचारतो गोळ्या कुठल्या. पाकीट घेऊन या म्हणतो तर लोक म्हणतात "ती छोटी गुलाबी". गोळ्यांच्या पाकिटांचा एक फोटो प्रत्येकाने फोनमध्ये ठेवा बाबांनो.

नाशिककरीण
अपडेट. आज आयसीयूच्या मोठ्या डॉक्टरांनी बसवून सगळं समजावलं, खरं तर आम्ही नेमकं विचारल्यामुळे असेल. नळी उजव्या कोपऱ्यात होती, ती त्यांनी डावीकडे घेतली. बाइट ब्लॉक काढून दाढांमध्ये गॉझची गुंडाळी ठेवलीय. डोक्याकडून पलंग वर केलाय. जिभेला ओलं गॉझ गुंडाळून हलका दाब देऊन ठेवतायत अधूनमधून. रॅमिप्रिल पहिल्याच दिवशी बंद केलेलं होतं पण केसपेपरवर त्याचं नाव ठळक लिहून घेतलं. एक स्टिरॉइड आहे म्हणाले, ते न्यूमोनियासाठी आधीच चालू होतं.

आता उरला गळ्याच्या भोकाचा प्रश्न. सासूबाई सही करू देत नाहीयेत. त्यांच्या भावाला भोक पाडलं आणि ते गेले. त्यांना काय सांगू? मलाही खरं म्हणजे भीती वाटतेच.

रात्रपाळी
अगं ही भीती घरोघरी आहे, आणि उगाच नाही आली. पूर्वी ट्रॅकी (ट्रॅकिओस्टॉमी, म्हणजे हेच गळ्याचं भोक) उशिरा करायचे, सगळे उपाय थकल्यावर. म्हणजे ज्यांना व्हायची त्यातले बरेच जण आधीच फार आजारी असायचे आणि जायचे, लोकांच्या लक्षात भोक राहिलं. सासूबाईंना हे असं सांग की त्यांचा भाऊ आजाराने गेला, भोकाने नाही. त्यांच्या शेजारी बसून सांग, व्हॉट्सॲपवर नको.

माझ्या अनुभवात ट्रॅकी झाल्यावर पेशंट बदलतो. तोंड मोकळं होतं, झोपेचं औषध कमी करता येतं, माणूस डोळे उघडून बघायला लागतो, ओठ हलवून काहीतरी म्हणतो. आम्हाला तोंड नीट धुता येतं. खुर्चीत बसवता येतं. मशीनवरून सुटायची सुरुवात तिथून होते बऱ्याच जणांची. आणि हो, आवाज लगेच येणार नाही, हे आधीच सांगून ठेव घरी, नाहीतर "अण्णांची वाचा गेली" म्हणून परत रडारड.

भूलवाला
जोखीम आहे तीही सांगायला हवी. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, क्वचित नळी चुकीच्या जागी जाणं, पुढे श्वासनळी अरुंद होणं. पण आता बहुतेक ठिकाणी पलंगावरच करतात, सुईने वाट करून ती हळूहळू रुंद करत नेतात, मोठी चीर नाही. आणि ते भोक कायमचं नसतं. नळी काढली की बहुतेकांचं काही दिवसांत आपोआप बुजतं, वर एक छोटा व्रण राहतो. सासूबाईंना हा शब्द न्‌ शब्द सांगा: कायमचं नाही.

फुप्फुस सुधारून एक-दोन दिवसांतच मशीनवरून काढता येईल असं डॉक्टरांना वाटत असतं तर मी म्हटलं असतं थांबा, जीभ उतरू द्या, मग नळीभोवतीच्या फुग्यातली (त्याला कफ म्हणतात) हवा काढून बाजूने श्वास जातो का ते तपासून नळी काढा. पण न्यूमोनियानंतर अशक्तपणा इतका असतो की ते लांबतं, आणि तोवर नळी तोंडात म्हणजे जिभेवर दाब चालूच.

खडूस_वकील
ठीक आहे, केसपेपरबद्दलचं माझं मत कायम आहे, पण सही करायला हरकत नाही असं मलाही वाटतंय.

नाशिककरीण
सही झाली. सासूबाईंनीच केली शेवटी, नवऱ्याला म्हणाल्या तू थांब. आज दुपारी ट्रॅकी केली, अर्धा-पाऊण तासात झालं. रक्त फारसं नाही गेलं. सगळ्यांचे खूप आभार, उद्या लिहिते.

शेंगदाणा
👍👍 वाट बघतोय.

नाशिककरीण
उशीर झाला लिहायला, नुसती धावपळ चाललेली. जीभ उतरतेय! पहिल्या दिवशी काहीच फरक वाटला नाही, मी इथे येऊन रडणारच होते. पण मग रोज थोडी थोडी आत जायला लागली, आता दातांच्या आत आहे, ओठ जवळजवळ मिटतात. रंगही गुलाबी झालाय, एका कडेला फक्त काळा पट्टा आहे जिथे दात रुतले होते. मशीन दिवसा काही तास काढतात. पण जीभ बाहेर काढा म्हटलं की डावीकडे वळते. आणि उजव्या बाजूला बधिर वाटतं असं खुणेने सांगतात. हे काय आता नवीन?

भूलवाला
छान बातमी. काळा पट्टा म्हणजे वरचा थर मेलाय, तो निघून खालून नवीन येतो बहुतेकदा, जीभ फार लवकर भरून येते. वळते कारण जीभ हलवणाऱ्या नसेवर दाब आला असणार. जीभ दुबळ्या बाजूकडे वळते, म्हणजे डावीकडची नस. बधिरपणा दुसऱ्या नसेचा, ती उजवीकडची. नळी दोन्ही कोपऱ्यांत राहून गेली, त्यामुळे दोन्हीकडे थोडं थोडं. नस तुटलेली नसते, दबलेली असते, त्यामुळे बहुतेकदा काही आठवडे ते काही महिन्यांत येतं परत. तरी तिथल्या डॉक्टरांना दाखवा, मेंदूचं काही नाही ना हे त्यांना एकदा बघू दे.

बोलकी_मैना
मी स्पीच थेरपिस्ट आहे, इथे फार लिहीत नाही. नाशिककरीण, एक गोष्ट कळकळीने: कोणी म्हणालं "आता तोंडाने पाणी द्या" तर आधी गिळण्याची तपासणी झालीय का विचारा. जीभ दुबळी, बधिर, घशात गेले काही दिवस नळी, त्यामुळे घास कुठे चाललाय हे पेशंटला कळत नाही आणि खोकलाही येत नाही. गुपचूप श्वासनळीत जातं. लोकांना वाटतं पाणी सगळ्यात सोपं, खरं तर पातळ पाणी सगळ्यात अवघड, ते जिभेच्या ताब्यात येत नाही. सुरुवात दाटसर गोष्टींनी होते, घट्ट पेज, मऊ दही, चमच्याच्या टोकावर मावेल एवढं. तेही थेरपिस्ट समोर असताना. तोवर नाकातून पोटात अन्न देणारी राईल्स ट्यूब राहू दे, कितीही वाईट दिसली तरी.

जिभेचे व्यायाम आत्तापासून सुरू करता येतील: बाहेर-आत, डावी-उजवी, टाळूला लावणं, चमच्याच्या पाठीला ढकलणं. दमले की थांबायचं. आणि ट्रॅकीवर बोलायचा व्हॉल्व्ह लावता येतो का विचारा, तो लावताना कफमधली हवा पूर्ण काढलेली असावीच लागते, नाहीतर श्वास बाहेर पडायला जागा नाही. घरच्यांनी स्वतः काही लावू नये.

नाशिककरीण
पेज ऐकून सासूबाई आत्ताच तांदूळ निवडायला बसल्या, त्यांना थांबवून आले. थेरपिस्ट उद्या येणार आहेत. अजून एक, अण्णांची वरची कवळी आमच्याकडे घरी आहे, ती कधी द्यायची? त्यांना फार लाज वाटतेय कवळीशिवाय, भेटायला कोणी आलं की तोंडावर हात धरतात.

दातपाडे
दंतवैद्य हजर. कवळी आत्ता नको. जीभ आणि हिरड्यांची सूज पूर्ण उतरल्याशिवाय बसणार नाही, घासून नवीन जखमा करेल आणि सैल कवळी घशाकडे घसरायची भीती वेगळी. पाण्यात बुडवून ठेवा, कोरडी पडली की वाकडी होते. गिळणं चालू झालं, ट्रॅकी निघाली की मग जवळच्या डेंटिस्टकडे नेऊन बसवून बघा, वजन उतरलेलं असेल तर लायनिंग बदलावं लागेल.

आणि खालचे पुढचे दात धारदार झालेत का ते डिस्चार्जच्या आधी कोणाला तरी बघायला सांगा. हॉस्पिटलला डेंटिस्ट जोडलेला असेल तर पलंगावरच गुळगुळीत करून देतात, दहा मिनिटांचं काम. जीभ बधिर आहे तोवर चावली तरी त्यांना कळणार नाही.

नाशिककरीण
कवळी कपाटात कोरडीच ठेवलेली, आत्ता पाण्यात घातली. दातांचं उद्या राउंडला विचारते.